भजनानंतरचे दोन मिनिटांचे मौन आणि आमचा फसलेला गुरुवार

गुरुवारकर (इंदूर)

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा विचित्र वाटेल, म्हणून आधी पार्श्वभूमी सांगतो. आमच्या वसाहतीतल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी संध्याकाळी भजन असते आणि सतरंज्या अंथरण्यापासून प्रसादाचे द्रोण मोजण्यापर्यंतची व्यवस्था गेली नऊ वर्षे माझ्याकडे आहे. मंदिर लहान आहे, सभामंडपावर पत्रे आहेत आणि साठ-सत्तर माणसे येतात. इंदूरचे दत्तसंप्रदायातले संत नानामहाराज तराणेकर यांच्यामुळे करुणात्रिपदी, म्हणजे दत्ताची करुणा भाकणारी तीन पदे, इंदुरातल्या मराठी घरांत इतकी रुजली आहे की ती झाल्याखेरीज आमच्याकडे कोणी उठत नाही. त्यानंतर आरती होते आणि आरतीला विजेवर चालणारे नगाऱ्याचे यंत्र वाजते. ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की एका लोखंडी चौकटीत नगारा, झांज आणि घंटा बसवलेली असते, मोटर फिरली की तिन्ही एकाच वेगाने बडवल्या जातात, आणि पत्र्याखाली तो आवाज असा कोंदतो की शेजारचा माणूस कोणती आरती म्हणतो आहे हे त्याच्या ओठांवरून ओळखावे लागते.

श्रावणातल्या एका गुरुवारी ऐन आरतीत वीज गेली. यंत्राने दोन ठोके अडखळत दिले आणि ते थांबले. म्हणणाऱ्यांचे आवाज एकदम उघडे पडले, तसे तेही एकेक करून गप्प झाले आणि समईच्या उजेडात सगळे जण जागच्या जागी उभे राहिले. कोणी मोबाइलचा दिवासुद्धा लावला नाही. पत्र्यावर पावसाची भुरभुर चालू होती, ती मला त्या मंदिरात प्रथमच ऐकू आली. अर्धा मिनिट असेल, फार तर एक. मग पुजारीकाकांनी हलक्या आवाजात पुढचे कडवे उचलले आणि यंत्राशिवायच आरती पूर्ण झाली. प्रसाद घेताना तिघा-चौघांनी आपणहून सांगितले की आज फार बरे वाटले.

ते माझ्या मनात राहिले, म्हणून मागच्या गुरुवारी भैरवीचा अभंग संपल्यावर मी माइकवरून विनंती केली की आता आपण सर्वांनी दोन मिनिटे शांत बसावे. पुढे जे झाले ते असे. पहिल्या दहा सेकंदांतच खोकल्याची साथ आली. मागच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत, "कोण गेलं गं?" असे विचारले. साऊंडवाल्या मुलाला माइक बंद पडला असे वाटले आणि त्याने "हॅलो, चेक" म्हणून तो तपासला. मांड्या हलू लागल्या, पाकिटे उघडमीट होऊ लागली, आणि मिनिटही झाले नसेल तोच एका गृहस्थांनी "अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त" असा जयघोष केला, ज्याला सगळ्या मंडपाने सुटका झाल्यासारखी साथ दिली.

माझा प्रश्न असा आहे की वीज गेली तेव्हा जी शांतता साठ माणसांनी सहज पेलली, तीच सांगून मागितली तेव्हा त्यांना का पेलवली नाही? आपल्या गाण्यात आणि पूजेत अशा शांततेला काही जागा आहे का, की मी दुसरीकडचे काहीतरी उचलून आणतो आहे?

ठेका

गुरुवारकर, मी तबला शिकवतो, त्यामुळे उत्तर माझ्या दुकानातले आहे. तुमच्या दोन मिनिटांना सम, म्हणजे तालाचे आवर्तन जिथे परत येऊन टेकते ती पहिली मात्रा, नव्हती, एवढेच त्यांचे चुकले असे मला वाटते.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे, शिकवतो तेव्हा आधी बेदम (सलग) शिकवतो आणि मग दमदार (मध्ये थांबत). "तिटकत गदिगन धा" हा तीन मात्रांचा साधा पल्ला घ्या. सोळा मात्रांच्या त्रितालात तो तीनदा सलग वाजवायचा असेल तर नवव्या मात्रेवर उचलावा लागतो आणि तिसरा धा समेवर येतो. तोच प्रत्येक धा नंतर एकेक मात्रा थांबून वाजवायचा असेल तर सातव्या मात्रेवरच उचलावा लागतो, कारण त्या दोन रिकाम्या जागांच्या दोन मात्रा कुठून तरी आणायच्या असतात. त्या रिकाम्या जागेलाच आमच्याकडे दम म्हणतात. मुलांना मी हजारदा सांगतो की बाबांनो, दम खा. आणि ती नेमका दमच खाऊन टाकतात. बोल सगळे बरोबर येतात, धा आधीच येऊन पडतो, कारण हात थांबलेला असताना मोजत राहणे हे वाजवण्यापेक्षा अवघड आहे. वर्षभराने एखादे मूल त्या एका मात्रेत हात मांडीवर ठेवून शांत बसते, तेव्हा ते तबला शिकू लागले असे मी समजतो.

आता श्रोत्यांकडे बघा. दमदार तिहाईच्या त्या दोन फटींत मैफलीत कोणीही खोकत नाही. तिथेही आवाज नसतोच, पण प्रत्येकाच्या मानेला ठाऊक असते की धा येणार आहे आणि कधी येणार आहे. समेवर "वाहवा" निघते ती त्या रिकाम्या मात्रेत साठलेली असते. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात तालाच्या क्रिया दोन प्रकारच्या सांगितल्या आहेत, सशब्द आणि निःशब्द. त्यांतल्या आवाप, निष्क्राम, विक्षेप आणि प्रवेशक या चार निःशब्द क्रिया केवळ हाताच्या हालचालीने दाखवायच्या आहेत, टाळी न देता. आजही आपण खाली, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, दाखवताना तळहात उलटा करतो किंवा बाजूला नेतो, तो त्याच घराण्यातला. म्हणजे आपल्या तालात न वाजणारी जागासुद्धा हाताने दाखवली जाते. ती कोणी मोकाट सोडून दिलेली नाही.

इंदुरात बसून ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे नेता येणार नाही. त्यांचा झुमरा तालातला अतिविलंबित, म्हणजे फार संथ, ख्याल ऐका. चौदा मात्रांचे एक आवर्तन संपायला पाऊण ते एक मिनिट लागते, तबलजीने साधा ठेका धरायचा असतो, त्यात भरणा करायचा नसतो, आणि खाँसाहेब एक सुरावट ठेवून थांबतात. किती थांबतात! नवख्याला वाटते की ते विसरले. पण त्या थांबण्याखाली ठेका चालू असतो, तंबोरे चालू असतात, आणि आठव्या मात्रेची खाली गेली की ऐकणारा सावरून बसतो, कारण मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, येण्याची वेळ जवळ येत असते. ते मौन निराधार नाही.

तुमचे वीज गेल्यानंतरचे मौनही असेच होते. आरती अर्ध्यावर होती. पुढचे कडवे येणार हे साठही जणांना माहीत होते. तो दम होता, आणि तुम्ही मागच्या गुरुवारी मागितलेली गोष्ट होती ती भैरवी संपल्यानंतरची, म्हणजे ज्याच्यापुढे काहीच यायचे नव्हते अशी. आपल्याकडे भैरवी झाली की लोक चपला शोधू लागतात. तिथे तुम्ही त्यांना धरून बसवलेत.

माहेर_ग्वाल्हेर

ठेका यांनी तालाच्या अंगाने जे लिहिले ते पटले. मला त्या आजींच्या प्रश्नाबद्दल लिहायचे आहे, कारण मी वाचताना हसले खरी, पण त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. आपल्या पिढ्यांना दोन मिनिटांचे मौन ठाऊक आहे ते शोकसभेत. शाळेत असताना ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा वाजायचा आणि आम्ही वर्गात उभ्या राहायचो. ही पद्धत मुळात युद्धात गेलेल्यांसाठी आहे. ११ नोव्हेंबर १९१९ रोजी, पहिले महायुद्ध थांबल्याला वर्ष झाले तेव्हा, ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटांचे मौन प्रथम पाळले गेले आणि पुढे ते आपल्याकडेही रुजले. त्यामुळे देवळात कोणी "दोन मिनिटे" हे शब्द उच्चारले की माणसाच्या मनात आधी हार घातलेला फोटो येतो. गुरुवारकरभाऊ, निदान मिनिटांचा उल्लेख तरी टाळावा.

आपल्या पूजेत मौन नाही असे मात्र मुळीच नाही, फक्त ते कधी रिकाम्या हाताने केलेले मी पाहिलेले नाही. माझी आजी श्रावणी सोमवारी मुक्याने जेवायची. संध्याकाळी उपास सोडताना पानावर बसली की हात धुवून उठेपर्यंत अक्षर बोलायची नाही. भात हवा असेल तर डाव्या हाताने ताटाकडे बोट दाखवायची, ताक नको असेल तर वाटीवर तळहात आडवा धरायची, आणि आम्ही नातवंडे तिला मुद्दाम काहीतरी विचारून बोलते करायचा प्रयत्न करायचो, तर तिच्या डोळ्यांत जो राग यायचा त्यापुढे बोलणे फिके पडावे. चातुर्मासात काही जण चारही महिने असे जेवतात. नैवेद्याचे घ्या. पानाभोवती पाणी फिरवायचे, पाच प्राणाहुती मनात किंवा ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, आणि मग देवाचे जेवण होईपर्यंत थोडे थांबायचे. काही ठिकाणी तेवढ्यापुरता पडदाही ओढतात. घरात आरतीला टाळ्या पिटणारी पोरे त्या वेळी आपोआप गप्प असतात, कारण त्यांची नजर पुरणपोळीवर असते. जपाचेही तसेच. वाचिक (ऐकू येईल असा), उपांशु (ओठांतल्या ओठांत) आणि मानस (मनातल्या मनात) असे तीन प्रकार आहेत, आणि मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा जपाला दहापट, उपांशूला शंभरपट आणि मानसाला हजारपट मोल दिले आहे, म्हणजे उतरंड आवाजाकडून आवाज नसण्याकडे जाणारी आहे. पण मानस जपातही बोटांत मणी सरकत असतोच.

पौषातल्या मौनी अमावास्येचा मान इथल्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांत आपल्याहून मोठा आहे (त्यांच्या पंचांगात ती माघात येते, आणि आमच्या घरी दर वर्षी त्यावरून वाद होतो). त्या दिवशीही नुसते गप्प बसायचे नसते. आधी स्नान असते, मग दान असते.

माझ्या माहेरी तानसेन समारोहाला सुरुवात होते तेव्हा सकाळी समाधीपाशी सनई, हरिकथा आणि मिलाद होतो, गाण्याची मैफल त्यानंतर. लहानपणी मला तो वेळकाढूपणा वाटायचा. आता वाटते की बसायला आलेल्या माणसाला गप्प करायचे असेल तर त्याला गप्प राहा असे सांगून भागत नाही. त्याच्या कानाला आधी कुठेतरी टेकायला जागा द्यावी लागते. तुमच्या मंडळींच्या हातात त्या दिवशी टाळ होते का? असतील तर ते खाली ठेवायला लावू नका.

स्पष्टवक्ता

मी वेगळे मत मांडतो आणि ते कोणाला लागले तर आधीच क्षमा मागतो.

देऊळ हे ध्यानकेंद्र नव्हे. घंटा वाजवताना आपण जो श्लोक म्हणतो त्यातच सांगितले आहे की देवांनी यावे आणि राक्षसांनी जावे म्हणून हा नाद करतो आहोत. नामाचा घोष ही आपली रीत आहे. मी स्वतः इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यनेचे शिबिर केले आहे. तिथले आर्य मौन मला मानवले, कारण मी ते मागायला गेलो होतो, तिथे ते पहिल्या दिवशी समजावून दिले जाते आणि दहाव्या दिवशी रीतसर सुटते. तुमच्या मंडपातले लोक ते मागायला आलेले नाहीत.

आणि ते कोण आहेत याचाही विचार करावा. तुमच्या वसाहतीची मला माहिती नाही, परंतु इंदुरातल्या आमच्या वसाहतीचे सांगतो. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहून लांब. घरात दोन म्हातारी माणसे, पुष्कळदा एकच. दिवसभर घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकलेली बाई गुरुवारी साडेसहाला देवळात येते ती आवाजासाठी येते, साठ माणसांच्या टाळ्यांत आपली एक टाळी मिसळावी म्हणून येते. तिला शांततेचा तुटवडा नाही. ज्याच्या घरात टीव्ही, नातवंडे आणि कुकर एकाच वेळी चालू असतात त्याला शांतता हवीशी वाटते, आणि योगायोगाने व्यवस्था पाहणारी माणसे बहुधा अशाच घरांतली असतात.

ज्या गृहस्थांनी जयघोष केला त्यांनी तुमचा कार्यक्रम बिघडवला असे तुम्ही सूचित केले आहे. माझ्या मते त्यांनी सगळ्यांच्या मनातले केले.

पेटीवाली

स्पष्टवक्ता यांचा तिसरा परिच्छेद मी दोनदा वाचला. माझी आई अशीच एकटी राहत होती आणि भजनाला जात होती. तरीही मला वाटते की एकटेपणातली शांतता आणि साठ जणांमध्ये बसून ऐकलेली शांतता या एकाच जातीच्या नाहीत. घरातली शांतता कोणी बरोबर ऐकत नाही. पण हे मी वाद म्हणून लिहीत नाही. तुमचा मुद्दा खोडता येण्यासारखा नाही.

मी भजनाला पेटीची साथ करते, त्यामुळे मला एक गोष्ट नेहमी दिसते. अभंग संपला की गाणारा थांबतो, तबला थांबतो, पण मी बोट उचलत नाही. भाता मारणे सोडून देते आणि षड्ज तसाच दाबून ठेवते. आत उरलेली हवा संपेपर्यंत तो सूर बारीक होत जातो, शेवटी किंचित उतरतो आणि एक उसासा टाकून विझतो. चार-पाच सेकंदांचा खेळ आहे. तेवढा वेळ मंडपात कोणी हलत नाही. ज्या दिवशी मी घाईने बोट उचलते त्या दिवशी टाळ्या ताबडतोब येतात. म्हणून माझा अनुभव असा की लोकांना आवाज नसणे ऐकता येत नाही, पण आवाज संपत जाणे ते फार मन लावून ऐकतात. मैफलीत तंबोरा याचसाठी असतो असे मी समजते. घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा घालतात, ज्याला जीव म्हणतात, तो केसभर सरकवला की जवारी (तारेची गुंजणारी आस) उघडते आणि प्रत्येक तार छेडल्यानंतर कितीतरी वेळ आतून बोलत राहते. गाणारा गप्प बसला तरी मागे ते बोलणे चालू असते, म्हणून त्याला गप्प बसण्याची हिंमत होते.

ध्यानबिंदू उपनिषदात ओंकाराचे वर्णन करताना तेलाच्या न तुटणाऱ्या धारेची आणि घंटेच्या लांबत जाणाऱ्या नादाची उपमा दिली आहे, आणि त्या नादाचे जे टोक, ते उच्चारता येत नाही असे म्हटले आहे. म्हणजे घंटा ही केवळ राक्षसांना घालवण्यासाठी नाही, तिचे शेपूटही ऐकण्यासाठी आहे. आपण मात्र शेपूट येऊच देत नाही. एक जण वाजवून पुढे सरकत नाही तोच दुसरा वाजवतो, आणि यंत्रातली घंटा तर सेकंदाला दोनदा बडवली जाते, तिला लांबायला वेळच कुठे मिळतो? गुरुवारकर, मला विचाराल तर मौन मागूच नका. आरती झाल्यावर यंत्र बंद करा आणि मंदिरातली मोठी घंटा एकदाच, एकाच माणसाकडून, वाजवून घ्या.

जाता जाता कुमार गंधर्वांची आठवण होते. क्षयामुळे १९४८ साली ते देवासला आले, इथून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर, आणि पुढची काही वर्षे त्यांना गायला बंदी होती. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातली लोकगीते आणि फिरत्या नाथपंथी गायकांची निर्गुणी भजने ऐकली. पुढे ते स्वतः निर्गुणी भजने गाऊ लागले तेव्हा सूर टोकदार फेकून तो मध्येच सोडून देण्याची त्यांची जी पद्धत होती, तिच्यात मला नेहमी ऐकणाऱ्याचे कान दिसतात. तो सोडलेला सूर कुठे जाऊन पडतो ते पाहायला माणूस आपोआप थांबतो.

सध्या_परदेशी

मूळचा इंदूरचा, सध्या इंग्लंडात आहे. इथे क्वेकर पंथीयांच्या उपासनेला एका सहकाऱ्याबरोबर दोनदा गेलो. तासभर सगळे गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर गप्प बसतात, पुरोहित नसतो, गाणे नसते, कोणाला आतून वाटले तर तो उठून दोन वाक्ये बोलतो आणि बसतो. पहिल्या वेळी मला माझ्या पोटातली गुरगुर आणि भिंतीवरचे घड्याळ यांखेरीज काहीही आठवत नाही. पण ठेका यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. तास संपला की दोघे वडीलधारे एकमेकांशी हात मिळवतात, मग सगळे शेजाऱ्यांशी मिळवतात, आणि सभा मोडते. म्हणजे सम तिथेही आहे.

जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची १९५२ सालची ती प्रसिद्ध रचनाही इथे आठवली, जिच्यात वादक चार मिनिटे तेहतीस सेकंद पियानोसमोर बसतो आणि एकही सूर वाजवत नाही. पहिल्याच प्रयोगात काही श्रोते उठून गेले होते. तेव्हा तुमच्या मंडळींनी नुसता जयघोष केला हे सौम्यच म्हणायचे.

ठेका

पेटीवालीताई, शेपटाची गोष्ट अगदी खरी. पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, ओली कणीक लावतो तेव्हा तिचा जाडपणा आम्ही याच कानाने पाहतो. कणीक कमी पडली तर थाप उडते आणि लगेच मरते, बरोबर बसली तर ती खाली खोल जाते आणि गेल्यानंतरही काही वेळ तिथेच असते. ज्या शहरात नाना पानशांनी पखवाजाची परंपरा उभी केली तिथे आरतीला मोटर लावावी लागते, याचे मला दर वेळी वाईट वाटते. पण रोज सकाळ-संध्याकाळ नगारा वाजवायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्नही खरा आहे.

स्पष्टवक्ता, जयघोषाबद्दल तुमचे म्हणणे मान्य. तो फक्त मात्रा चुकून आधी आला, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांसारखा.

गुरुवारकर (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल गुरुवार झाला, त्याचा वृत्तान्त देतो.

मी माइकवर काहीही बोललो नाही. करुणात्रिपदी झाली, आरती झाली, यंत्र नेहमीप्रमाणे वाजले, आणि शेवटच्या ओळीला मी बटणापाशी जाऊन उभा राहिलो. यंत्र बंद केल्यावर ते लगेच थांबत नाही, गती मरेपर्यंत तीन-चार ठोके आणखी पडतात, हे मी विसरलो होतो. त्या शेवटच्या एकट्या ठोक्याला दोन मुले खुदकन हसली. ज्या आजींनी "कोण गेलं" असे विचारले होते त्यांनाच मी आधी जाऊन विनंती केली होती की घंटा आज तुम्ही वाजवा, आणि वाजवून झाल्यावर जयघोषही तुम्हीच म्हणा, पण घंटेचा आवाज पूर्ण संपल्यावर. त्यांनी मला तीनदा विचारले की पूर्ण म्हणजे किती. मी म्हणालो, तुम्हाला ऐकू येईनासा होईल तेव्हा.

त्यांनी एकच टोला दिला. टाळ सगळ्यांच्या हातात होते आणि, माहेर_ग्वाल्हेर ताईंनी सांगितले होते तसे, मी ते खाली ठेवायला सांगितले नव्हते. लोकांनी ते वाजू नयेत म्हणून आपापल्या पोटाशी धरले. घंटा पितळी आहे, जुनी आहे, आणि तिचा नाद सरळ न जाता लाटेसारखा वर-खाली होत जातो हे मी नऊ वर्षांत कधी ऐकले नव्हते. मी मनात मोजत होतो. वीस-बावीस सेकंदांनंतर मला तो ऐकू येईना. आजींना मात्र येत असावा, किंवा त्यांचे वय पाहता तो आधीच बंद झाला असावा आणि त्या दुसरेच काही ऐकत असाव्यात, कारण त्या हात जोडून तशाच उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासाठी सगळा मंडप थांबला. बाहेरच्या रस्त्यावरून एक दुचाकी गेली. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग आजींनी जयघोष केला, अगदी बारीक आवाजात, आणि मंडपाने तो तेवढ्याच बारीक आवाजात उचलला, जे आमच्याकडे पूर्वी कधीच झालेले नाही.

सगळे मिळून मिनिटभरसुद्धा झाले नसेल. प्रसाद वाटताना एक काकू मला स्पष्ट म्हणाल्या की हे असले त्यांना आवडत नाही, छातीत धडधडते, घरी तेच असते. स्पष्टवक्ता, मला तुमची आठवण झाली. त्यांना मी म्हणालो की पुढच्या वेळी घंटा तुम्ही वाजवा; त्यांनी अजून हो म्हटलेले नाही.

आता एक शंका उरली आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती आहे, त्या दिवशी चारशेच्या वर लोक येतात, मंडप रस्त्यापर्यंत जातो आणि बाहेर चार लाऊडस्पीकर असतात. जन्माच्या वेळी हे करावे का?

पेटीवाली

जन्माच्या वेळी नको. पाळणा हलत असताना गप्प बसायला सांगाल तर तुमचीच आरती होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप सोडवायला जी दहा माणसे येतात, त्यांच्याबरोबर करून पाहा.

स्पष्टवक्ता

सहमत. आणि त्या काकूंना घंटा वाजवायचा आग्रह करू नका, टाळ द्या.